दोन सेंटिमीटर

दिवसभर भांडलो ते दोन सेंटिमीटरवरून.
त्यांच्या आलेखात समुद्र तेवढा वर,
आमच्या आलेखात तेवढा खाली,
मध्ये चहा गार झालेला.

मू साहेब म्हणाले, पाहुण्यांना चांगल्या ठिकाणी ने,
झुंबरं असतील, फिरतं टेबल असेल, अशा.
मी त्यांना मासळीबाजारात नेलं.
छिंगदाओत पाहुण्याला जवळचं मानायचं
तर आधी त्याचे बूट भिजवावे लागतात.

तोरुनचे पहिल्याच गल्लीत भिजले.
तिला सांगितलं, समुद्र आपणच निवडायचा,
आपणच पिशवीतून न्यायचा
आणि समोर ल्वानकाकांकडे शिजायला टाकायचा.
मजुरी किलोवर. लसूण वरकड.

बिअरसुद्धा पिशवीत, तीही तोलून.
प्लॅस्टिक पातळ, तोंडाला गाठ.
एलिसेओ ती दोन्ही तळव्यांवर धरून चालला,
मुलं जत्रेतून जिवंत मासा घरी नेतात
तसा, गाड्या चुकवत.

ल्वानकाकांची स्टुलं गुडघ्याएवढी.
टेबलावर प्लॅस्टिकचे कागद, थरावर थर,
गिऱ्हाईक उठलं की वरचा गुंडाळायचा
शिंपल्यांसकट.
आधी आल्या तिसऱ्या, सुक्या मिरचीत परतलेल्या.
तोरुनच्या काड्यांतून पहिली तिसरी निसटली,
दुसरी तिसरीही,
तिसरी तिसरी एकदाची तोंडात गेली
आणि मग ती थांबेचना.
काकू माझ्या कानाशी: "हिला तिकडे उपाशी ठेवतात का गं?"
मी भाषांतर केलं: "काकू म्हणतात, सावकाश होऊ द्या."

या गावच्या पाण्यापासून मोजतात
आमच्या देशातला एकूण एक डोंगर.
शून्य इथलं आहे.
शाळेच्या सहलीत आम्हाला ते दाखवलं होतं;
मला आठवते ती फक्त विहिरीसारखी खोल जागा
आणि बाईंची छत्री.
हे मी पाहुण्यांना सांगितलं नाही.
सकाळपासून पातळीबद्दल पुष्कळ बोलून झालं होतं.

तोरुनने मात्र पेला डोळ्यांसमोर धरला,
बोट लावलं, म्हणाली,
"दोन सेंटिमीटर. पण फेस धरायचा की सोडायचा?"
मी म्हटलं, सोडायचा.
ती म्हणाली, आम्ही धरतो.
क्षणभर कुणीच हसलं नाही.
मग काका हसले, त्यांना काहीही न कळता.

तेवढ्यात एलिसेओ उठला.
मोरीजवळच्या बादलीत काहीतरी होतं,
तांबडं, खडबडीत, फोडफोडांचं,
कालवांच्या दोरांना चिकटून येतं ते.
काका म्हणाले, ती घाण आहे, सकाळी फेकणार.
एलिसेओने सुरी मागितली. लिंबू मागितलं.
लिंबू नव्हतं, व्हिनेगर मिळालं.
एक गोळा त्याने चिरला,
पाणी उडालं थेट माझ्या चष्म्यावर,
आतून निघालं केशरी, मऊ, ओलं.

त्याच्या भाषेत ह्याच्या भावकीतल्याला नाव आहे. पिऊरे.
आई विकायची, दोरीत ओवून, वाळवून,
धक्क्यावर, वाऱ्यात.
चार दिवसांत त्याचं इंग्रजी
पहिल्यांदाच अडखळलं.

मी या किनाऱ्यावर जन्मले,
एकोणचाळीस वर्षं हेच पाणी मोजते, खाते, शिव्या घालते.
हे कधी तोंडात घातलं नव्हतं.
घातलं.
गंज. आयोडीन. मग जिभेच्या कडेला
थोडा गोडवा, उशिरा आल्यासारखा.
ल्वानकाकांनी एक चाखलं, थुंकलं,
आणि दुसरं मागितलं.

बिल देताना नेहमीची झटापट झाली.
मी जिंकले, कारण काकूंना आधीच पैसे दिले होते.
कागद गुंडाळला गेला. त्याखाली दुसरा,
कोरडा, पुढच्या कुणासाठी.

सकाळी नऊला बैठक.
प्रयोगशाळेच्या खिडकीत आमच्याच सुतळीवर
सहा केशरी गोळे ओवलेले, खाली वर्तमानपत्र,
त्यावर टपटप.
मू साहेबांनी नाकाला रुमाल लावला,
पण काढायला सांगितलं नाही.
तोरुनने आलेख उघडला.
मी माझा.